हर्षलसायबाची राखण

अण्णा,

तू गेल्यापासून जो येतो तो मला सांगतो, तुझा भाऊ देवमाणूस होता. ऐकून ऐकून मला किळस आली आहे. तू देवमाणूस नव्हतास. तू माझा थोरला भाऊ होतास, दाढी करताना ओटीभर साबण उडवायचास, सोलकढीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचास, आणि गेली दहा-बारा वर्षं माझ्याशी एका विहिरीवरून भांडत होतास. ते भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास. तुझं तेरावं परवा झालं. मुंबईचे चुलते बोटीने परत गेले, तुझी आरामखुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे, आणि मला जे बोलायचं राहिलं ते सगळं घशाशी आलं आहे. तेव्हा ऐक. निदान आता तरी मध्ये बोलू नकोस.

मुंबईला पंचांगं छापणाऱ्या छापखान्यात तू जुळारी होतास. शिशाचे बारीक खिळे उलटे वाचून सुलट जुळवायचे, हे तुझं काम. ग्रहांचे अंश, कला, राशी जुळवता जुळवता तू ज्योतिषी झालास आणि डोळे अधू करून घेऊन गावी परत आलास. येताना पत्र्याची एक ट्रंक भरून पंचांगाचे फुकट गेलेले कागद आणलेस, आणि गावाने कधी ऐकली नव्हती अशी तीन नावं आणलीस. हर्षल, नेपच्यून आणि प्लूटो. देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा आपला बापू गावकर तेव्हा म्हणाला होता, "नऊ जणांनी काय कमी छळल्यानी, म्हणान आणखी तीन हाडलंस?" त्या दिवशी तू मनापासून हसलास. तेव्हा तुला हसता येत होतं.

तुझी सगळी विद्या एका वाक्यात मावायची. जवळचे ग्रह माणसाचे आणि लांबचे ग्रह समाजाचे. चंद्र, बुध, शुक्र हे लग्नाकार्याला, खोकल्यापडशाला पुरेसे. पण राज्यं बदलायची, रीती मोडायच्या, वरचे खाली आणि खालचे वर व्हायचे, ते या मंद चालीच्या मंडळींचं काम. हर्षल एक रास ओलांडायला सात वर्षं घेतो, प्लूटोची तर गोष्टच नको. "समाज हळू चलता गो बाय," तू म्हणायचास, "आकाशात काटो सरकल्याशिवाय हय पान हलना नाय." मला ते सुरुवातीला फार आवडायचं. तू वर्तमानपत्र वाचून दाखवायचास आणि प्रत्येक बातमीमागे एक ग्रह उभा करायचास. मला वाटायचं, माझा भाऊ किती लांबचं बघतो.

आणि मला त्याचा फायदाही झाला, ते मी नाकारणार नाही. नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हा चुलत्यांनी माझी जागा ठरवून टाकली होती. मागच्या पडवीत बसून कुळीथ निवडायचे. मला रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. तू चष्मा पुसलास, आवाज खाली आणलास आणि कचेरीत बोलतात तसल्या शुद्ध मराठीत चुलत्यांना सांगितलंस, "हिच्या दशमात हर्षल आला आहे. आता हिला अडवलंत तर ते घराण्यावर शेकेल." चुलते चळाचळा कापले. मोटारीपर्यंत माझी पेटी तू स्वतः उचलून आणलीस. मी विचारलं, "खराच आसा दशमात?" तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "तुका शिकाचा आसा मां? मगे आसा."

त्या एका वाक्यासाठी मी जन्मभर तुझी ऋणी आहे. आणि त्याच वाक्यामुळे पुढचं सगळं मला सहन झालं नाही. कारण मला कळून चुकलं होतं की तुझ्या मनात असलं की हर्षल धावतो.

आता विहिरीकडे येते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये आपला गाव. चैत्र लागला की घरोघरच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, डाळ शिजत नाही, चहा नासतो. गोडं पाणी एकाच ठिकाणी, देवळाच्या बावीत. आणि त्या बावीला भागीने हात लावायचा नाही. भागी माझ्याच वयाची, गावावरच्या कातळ सड्याखालच्या वाडीतली. आपल्या गावात त्या वाडीच्या बायकांनी उंडलीच्या झाडाखाली मातीत कळश्या मांडून उभं राहायचं, आणि आपल्यातली कोणी बाई आली, तिला वेळ असला, दया आली, तर तिने वरून, कळशीला कळशी लागू न देता, पाणी ओतायचं. अर्धं कळशीत जायचं, अर्धं मातीत. भागीची मुलगी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून धडा वाचायची आणि मी शाळेतून परत येताना तिची आई उन्हात उभी असायची. मी ओतायचे. एकदा मी दोरच भागीच्या हातात दिला. तिने तो शांतपणे परत माझ्या हातात ठेवला. "बाईनू, तुमी घराक जातलात. माका हयच रवाचा आसा."

म्हणून मी तुझ्याकडे आले. तू देवस्थानचा पंच होतास, तुझ्या शब्दाला वजन होतं. सरकारचा कायदाही झाला होता. मी म्हटलं, अण्णा, तू बोललास तर बाव मोकळी होईल. तू ट्रंक उघडलीस, कागद पसरलेस, बोटाने ओळी चाचपल्यास. हर्षल कर्केत गेला होता. कर्क ही पाण्याची रास. "हर्षल पाण्यात आसा तवसर पाण्याच्या रीतीक हात लावचो नाय. दंगो होतलो. तो सिंहेत जावंदे, मगे बघूया."

मी परत फिरले. पण तू ते माझ्याशी बोलून थांबला नाहीस, ओटीवर आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटलास. हर्षलाची नजर बावीवर आहे, हर्षल कडक आहे, हर्षलाला डिवचू नका. आणि त्यातून ते झालं, जे आपल्या गावाशिवाय जगात कुठे होणार नाही.

जत्रेच्या आधीचं गाऱ्हाणं होतं. बापू गावकर हात जोडून देवापुढे उभा राहिला, मागे सगळे मानकरी. बापूने नेहमीसारखी एकेकाला हाक घातली. गावदेवी, वेताळ, वेशीवरचा देवचार, पिंपळावरचा मुंजा. प्रत्येक नावामागून सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. आणि मग बापूचा आवाज चढला. "आणि बावीवरच्या हर्षलसायबा म्हाराजा! तू विलायतेसून हय इलंस, आमच्या बावीर राखण करून रवलंस म्हाराजा! तुझी वाकडी नजर आसात ती समुद्रापलीकडे जांवदी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नाव सायबाचं, राहतो लांब, रागीट आहे, हळू चालतो. बापूने सरळ हिशेब केला होता की हे पूर्वीच्या कोणा गोऱ्या अंमलदाराचं भूत असणार. बावीच्या कठड्यावर सायबासाठी एक पाव आणि दोन बिस्किटं ठेवली होती. मालवणच्या बेकरीतून मुद्दाम आणलेली.

घरी येऊन आपण दोघं स्वयंपाकघरात किती हसलो, आठवतं? तू भिंतीला टेकून बसलास, चष्मा काढून डोळे पुसत होतास. वहिनी परातीतलं पीठ तसंच ठेवून बघत राहिली, हिला काय, ह्यांना काय झालं म्हणून. "चाय पण ठेवूक होयी होती सायबाक," तू म्हणालास आणि मला पुन्हा हसू फुटलं. आपल्या दोघांचं असं हसणं ते शेवटचं.

कारण पुढच्या आठवड्यात देवस्थानची बैठक होती आणि मी तिथे जाऊन सर्वांसमोर विचारलं, बाव मोकळी कधी करणार? बापू गावकर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती होती, त्याला मी दोष देत नाही. "बाईनू, बावीर हर्षलसायबाची राखण आसा. तेका चलाचा नाय." मी तुझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच तुझ्याकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. हर्षल हा ग्रह आहे, तो राखण करत नाही, त्याला पाव लागत नाही. तू धोतराचा सोगा नीट केलास आणि म्हणालास, "श्रद्धेचा विषय आसा. घाई नको." आणि बापूने तिथल्या तिथे पुन्हा सायबाला हाक घातली, तेव्हा सगळ्यांच्या आवाजात मी तुझा आवाज ओळखला. व्हय म्हाराजा.

त्या दिवशी मला तुझी पहिल्यांदा शिसारी आली. अडाणी माणूस चुकतो, त्याची मला चीड नाही. तुला खरं काय ते माहीत होतं, स्वयंपाकघरात तू त्यावर पोट धरून हसला होतास, आणि देवळात मान डोलवलीस. घरी येऊन मी विचारलं, "कित्याक गप रवलंस?" तू म्हणालास, "नाव काय पण घेवंदेत. हर्षल कर्केत आसा ह्या तर खरा मां?" जेवण वाढलेलं होतं. मी ताटावरून उठले.

त्यानंतर तुझ्या ग्रहांचा मला असा वीट आला की पंचांगाच्या कागदाचा वास आला तरी डोकं उठायचं. भागीच्या वाडीने धर्म बदलला. त्यांनी गावकीची जुनी कामं सोडली, मेलेलं ढोर ओढणं बंद केलं, उंडलीखाली येऊन उभं राहणंही बंद केलं. आता त्या बायका खाडीपलीकडून होडीने पाणी आणायच्या. तू ओटीवर बसून सांगितलंस, नेपच्यून तुळेत आहे, नेपच्यून म्हणजे भ्रम. आपण पाणी द्यायचं नाही आणि ती माणसं पाठ फिरवून निघून गेली की नेपच्यूनला नावं ठेवायची! मग कुळकायदा आला, कसणारी कुळं आपल्या भातशेतीच्या कुणग्यांची मालक झाली. तुझ्या तोंडी हर्षल. मराठी राज्य झालं, त्याच्या मोर्चात आपल्या शेजारच्या वाडीतला एकजण डोकं फुटून घरी आला. तुझ्या तोंडी हर्षल. त्याच्या कपाळावरच्या टाक्यांकडे बघत तू त्याला सांगत होतास की हे होणारच होतं. तो बिचारा मान हलवत होता. मला वाटलं, ह्याने आता उठून तुला एक द्यावी.

पुढे तुझ्याच कागदांप्रमाणे हर्षल सिंहेत गेला. मी तारीख लक्षात ठेवली होती. सकाळीच तुझ्यापुढे येऊन उभी राहिले. "सायब पाण्यातसून भायर इलो. आता?"

तू चहा बशीत ओतलास. "आता तो आगीच्या राशीत गेलो. आणि थंयच प्लूटो येवन बसलो आसा. दोघांची युती जावंदे. युती झाली काय सगळा आपसूक जाता. तुका, माका काय्येक करूक नको."

आपसूक. हा तुझा आवडता शब्द. भात आपसूक पिकत नाही, होडी आपसूक पाण्यात जात नाही, तुझी पेज आपसूक शिजत नव्हती. पण माणसाला पाणी मात्र आपसूक मिळणार होतं.

मध्ये गोवा मोकळा झाला आणि लगेच अष्टग्रही आली. आठ ग्रह मकरेत जमणार आणि जग बुडणार म्हणून सगळा मुलूख हादरला होता. तुला मनातून ते पटत नव्हतं, ही सगळी जवळच्या ग्रहांची गर्दी, असं तू घरात म्हणायचास. तरी सोवळं नेसून होमाला बसलास, कारण गावाने तुला बसवलं. देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका रडत होत्या. मी खांबाला टेकून उभी होते आणि माझ्या मनात इतकी किळस दाटली होती की धुराने डोळे चुरचुरताहेत की रागाने, ते कळत नव्हतं. आणि दुपारी, ऐन आहुतीच्या वेळी, सड्याच्या बाजूने धडाम् आवाज झाला. जमीन हलली. देवळावरची दोन कौलं खाली आली. बापू आडवा पडला आणि ओरडला, "हर्षलसायबा, चुकला माकला पोटात घाल रे म्हाराजा!" आणि तू, अण्णा, तू हातातलं तूप सांडून, सोवळं विसरून, माझ्याकडे धावत आलास आणि माझा हात घट्ट धरलास. लहानपणी वीज पडली की धरायचास तसा.

दुसरा आवाज झाला तेव्हा कोणीतरी बाहेरून ओरडत आलं. भागीच्या वाडीने सड्याच्या उतारावर बाव खणायला घेतली होती. खाली काळा दगड लागला, म्हणून चिऱ्याच्या खाणीवर काम करणाऱ्या तिच्या भावाने सुरुंग लावला. आणि पाणी लागलं. जग बुडायच्या दिवशी त्यांना पाणी लागलं!

मी हसले. मोठ्याने हसले, सगळ्या देवळात. मला वाटलं, आता तूही हसशील. तू माझा हात सोडलास, उपरणं झटकलंस आणि म्हणालास, "मुहूर्त बघूक होयो होतो तेंणी."

संध्याकाळी मी सड्यावर गेले. बाव अजून बांधायची होती, कडेला मातीचे ढीग, बायका टोपल्या डोक्यावर घेऊन रांगेत चढत होत्या. दोन उन्हाळे त्या खणत होत्या, शाळा सुटल्यावर मुलंसुद्धा. भागीचे तळवे बघवत नव्हते. तिने तिच्या तांब्यातून मला पाणी दिलं, गढूळ होतं, पण गोडं. मी प्यायले. घरी येऊन तुला सांगितलं, तू "बरा, बरा," म्हणून कूस बदललीस.

यापुढचं तर ऐकच. देवस्थानने देवळाच्या बावीवर तेलाचं इंजिन बसवलं, मानकऱ्यांच्या माडांना पाणी सोडायला. तूही हात वर केलास. इंजिन दिवसभर भकभक करायचं, पाणी खाली खाली गेलं, आणि समुद्र आत आला. बघता बघता देवळाची बाव मचूळ झाली. यंदाच्या चैत्रात तर ते पाणी तोंडात धरवेना. आणि त्याच चैत्रात तू जाहीर केलंस की हर्षल आणि प्लूटोची युती पूर्ण झाली, काळ बदलला, देवळाची बाव आजपासून सगळ्यांना मोकळी!

तुला हार घातला. कोणी पुढारी जीपमधून आला आणि त्याने तुझ्यावर भाषण केलं. शेजारी उभा राहून बापूने हर्षलसायबाला निरोपाचा नारळ दिला. खारट पाणी दान करून तू सुधारक झालास, अण्णा. आज जे येऊन मला देवमाणूस म्हणून सांगतात ना, ते त्या दिवसावरून सांगतात. त्या दिवशी भागीला मुद्दाम बोलावून आणलं होतं. ती रिकाम्या हाताने आली. ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, बाजूला थुंकलं. "बाईनू," मला म्हणाली, "ह्या पाण्यान डाळ पण शिजाची नाय." आणि वळून सड्याकडे गेली.

तुला तेव्हा जे कळलं नाही ते आता सांगते. त्या दिवसापासून गावातल्या सगळ्या सुना पदराआड कळशी घेऊन भागीच्या बावीवर जातात. आपली वहिनीही. पहिल्या दिवशी ती तिथे जाऊन नुसती उभी राहिली. कळशी जमिनीवर ठेवली आणि वाट बघत राहिली, कोणीतरी वरून ओतेल म्हणून. भागीने दोर तिच्या हातात दिला. "घेवा वैनीनू. तुमच्याच हातान काढा." वहिनी मला म्हणाली, पहिला पोहरा माझ्या हातून परत बावीत पडला. घरात मी आणि ती, दोघींनाच माहीत. घरातलं पाणी कुठून येतं ते तू तेव्हा विचारलं नाहीस. तुझ्या लेखी तेही आपसूक येत होतं.

मग तुझी छाती भरली. डॉक्टर येऊन गेले, मान हलवून गेले. शेवटच्या दुपारी मी तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. तुझं डोकं इतकं हलकं झालं होतं की मला रडू आलं. सगळा राग, सगळी किळस बाजूला ठेवून मी तुझे ओठ ओले केले. तू घोट घेतलास, मग आणखी एक. डोळे उघडलेस.

"गोडा आसा. खंयचा पाणी ह्या?"

या प्रश्नाची मी इतके दिवस वाट बघत होते. "भागीच्या बावीचा."

तू माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं, आता. काही मोठं नको होतं मला. नुसतं "बरा झाला" म्हणाला असतास, किंवा नुसते डोळे मिटून घेतले असतेस, तरी मी सगळं विसरले असते. तू हसलास. अगदी समाधानाने हसलास.

"बघ," म्हणालास. "सांगलंय नाय तुका? युती झाली काय सगळा आपसूक जाता."

मी तुझं डोकं उशीवर ठेवलं, पेला खाली ठेवला आणि परसात जाऊन उभी राहिले.  परत आले तेव्हा तुझा डोळा लागला होता, आणि तू पुन्हा जागा झाला नाहीस. उत्तर द्यायला मला जागाच ठेवली नाहीस.

परवा तेराव्याला पंगत बसली होती. सगळे मानकरी, चुलते, बापू. स्वयंपाक भागीच्या बावीच्या पाण्यावर झालेला, पेल्यांत तेच पाणी. बापूने पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला. तेराव्याला गाऱ्हाणं घालायची आपल्याकडे रीत नाही, पण बापूला तोंड उघडायला रीत लागत नाही. तो उभा राहिला, हात जोडले. म्हातारा खरंच रडत होता.

"बा देवा म्हाराजा, आमचो अण्णा आज तुझ्या पायाकडे इलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेणा आकाशातलो हिसाब मांडून गावाक वाट दाखवल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पुण्यायेन बाव सगळ्यांक आपसूक मोकळी झाली म्हाराजा!"

"नाय म्हाराजा."

मी वाढपाची कळशी घेऊन पंगतीच्या मध्ये उभी होते. आवाज माझाच होता. या गावात गाऱ्हाण्याला कोणी कधी नाय म्हटलेलं नाही, बाईमाणसाने तर तोंडच उघडलेलं नाही. बापूला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं. "आपसूक काय्येक झाला नाय. भागीच्या वाडीन हातान बाव खणल्यानी, म्हणान तुमच्या पेल्यात आज गोडा पाणी आसा म्हाराजा."

 सगळे आपापल्या पेल्याकडे बघत होते. चुलत्यांनी पेला उचलला होता तो धड तोंडाला लावता येईना आणि खाली ठेवता येईना.  पण तू माझा भाऊ होतास, माझी पेटी उचलून मोटारीपर्यंत आला होतास, आणि तुला मी तसाच अधांतरी सोडू शकत नव्हते. म्हणून बापूचं उरलेलं गाऱ्हाणं मीच पुरं केलं.

"माझो भाव चुकलो म्हाराजा. तरी तेका बरी गती दी रे म्हाराजा."

पंगतीतून एक आवाज आला नाही. मी वाट बघितली. मग आतून, माजघराच्या दाराआडून, जिथे तुझी बायको तेरा दिवस भिंतीला टेकून बसली होती, तिथून वहिनीचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."